पांढऱ्या भुताचा खरा धंदा

परममित्र सर्जेराव यास,

तीर्थपुरीच्या राजानंदाचा जालन्याहून कडक जय भीम. तुझी शुगर, वहिनींचे गुडघे आन परतूरचं पाणी सगळं ठीक असेल अशी आशा करतो. माझी तब्येत बरी आहे. डोकं मात्र ठिकाणावर न्हाई, आन त्याला कारण तू आहेस.

त्याचं असं झालं, मागच्या रविवारी बेबीनंदानं (आमच्या घरात हुकूम तिचाच चालतो) मला रद्दी विकायला जुन्या जालन्यात धाडलं. रद्दीवाला तोलून राह्यला, मी उगंच त्याचे गठ्ठे चाळून राह्यलो, तर एका गठ्ठ्यातून तो वर आला! पांढरा अंगरखा, तोंडाला फडकं, हातात सांडशी. अरे, आपलं पांढरं भूत! आठवीत लिंबाखाली बसून तू ज्या इंग्रजी कॉमिक्समधून आख्ख्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायचास (तुझ्या मामानं हैदराबादहून आणलेलं), बिलकुल तेच. आम्हाला तेव्हा इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत न्हवतं, आन तू पानावर बोट फिरवत घडाघडा वाचायचास. वर्गात तुझा काय रुबाब होता! तर मी असा ओरडलो की रद्दीवाल्यानं जाग्यावर भाव वाढवला. रद्दी देऊन रद्दी घेऊन घरी आलो. त्यावर बेबीनंदा जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं न्हाई.

मंग मोनालीला (माझी धाकटी, इंग्रजी शाळेत शिकलेली) म्हणलं, वाच. तिनं दोन पानं वाचली आन म्हणाली, "बाबा, ही दंतमंजनवाल्यांनी फुकट वाटलेली जाहिरात आहे."

सर्जेराव, ते भूत दातांचा डॉक्टर आहे. तुझ्या गोष्टीतली राजकन्या गाल धरून रडते ती, तू सांगायचास तसं, राजानं मारलं म्हणून न्हाई, दाढ दुखते म्हणून. ज्या काळ्या गुहेत वीर शिरला आन आम्हा पोरांना घाम फुटला, ती गुहा म्हणजे त्याच दाढेला किडीनं पाडलेलं भोक. गुहेतले राक्षस म्हणजे जंतू. आन त्या वीराच्या भाल्याला तू सात पिढ्यांचा शाप लावला होतास ना? तो ब्रश आहे. ब्रश! आम्ही राखुंडीनं दात घासणारी पोरं, आम्हाला काय कळणार कप्पाळ?

एवढ्यावर भागलं असतं. पण तू वीराला गुहेत सोडून गेल्तास. तुझ्या वडलांची परतूरला बदली झाली, आन पुढं काय झालं हे आजपर्यंत कुणालाच माहीत न्हाई. मी शहाणा, मोनालीनं वाचायच्या आधीच शाळेच्या ग्रुपवर टाकून बसलो, की पुस्तक सापडलं, येत्या मेळाव्यात राहिलेली गोष्ट मी सांगणार. झालं! आपल्या वर्गातली मीना नागपूरहून निघायच्या तयारीत आहे. आन आपला तातेराव! त्यानं पोरीचं नाव गंधाली ठेवलं ते तुझ्या राजकन्येवरून (पुस्तकात तिला नावच न्हाई, ते तुझंच). त्याचा फोन आल्ता. म्हणाला, पोरीचं लग्न जमलंय, सासरी जायच्या आधी तिला घेऊन येतो, लहानपणापासून विचारती की राजकन्या सुटली का, तर तिच्यासमोरच सांग. आता लग्न ठरलेल्या पोरीला मी कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, तुझी दाढ उपटली?

इतकी वर्षं आख्ख्या वर्गाला बनवलंस तू. मला लई राग आलाय. तेव्हा आजपासून तुझा माझा संबंध संपला असं समज. वहिनींना लग्नकार्याचं बोलावणं येत राहील, तुझं तू बघ.

लोभ आटला आहे, याची नोंद घ्यावी.

तुझा (म्हणजे आता कुणाचाच न्हाई),
राजानंद

ता. क. मेळावा येत्या रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर. तू बराबर पोच. गुहेपासून पुढची गोष्ट तू सांग. मी शेवटच्या पानापर्यंत बघितलं रे, पुढं काय झालं ते त्या पुस्तकात न्हाईच. राजकन्या सुटली पाहिजे, बाकी तुझी मर्जी.

आणखी एक. पुस्तक मागू नको, मी दाखवणार न्हाई. तेव्हा तुला इंग्रजीचं एक अक्षर येत न्हवतं म्हणून जमलं. आता तू कॉलेजात इंग्रजी शिकवतोस.