पोहोचल्याची खूण

आप्पा, मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. नोकरी लागली तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होता. ‘सरकारी हाय न्हवं? मग बास,’ एवढंच म्हणालात आणि कुशीवर वळलात. सैन्यासाठी सरकार ज्या मोठाल्या संगणकी यंत्रणा विकत घेतं, त्या खरोखर चालतात का हे बघणाऱ्या कचेरीत मी आहे. कंपनी बनवते, आम्ही चाचणी घेतो, आमचा अहवाल दिल्लीच्या समितीपुढे जातो. समिती हो म्हणाली की ती वस्तू जवानांच्या हातात पडते. समितीतलं कुणी डोंगरात येत नाही. त्यांना दिसतो तो कागद.

तार ऑफिसात तुमचं आयुष्य गेलं. पलीकडच्यानं नाव नि आकडे परत वाजवून दाखवल्याशिवाय तार गेली असं तुम्ही म्हणायचा नाही. मला हे कळलं ते दहाव्या वर्षी. शहापुरात आपल्या मागच्या गल्लीत ते विणकर काका राहायचे, त्यांची आई निपाणीला दवाखान्यात होती. दुखणं वाढलंय, दुपारच्या गाडीनंच निघा, असा निरोप तिथल्या तार ऑफिसातल्या तुमच्या सोबत्यानं कळवला आणि तुम्ही मला पिटाळलंत. मी दारातून ओरडले. आत चार माग खडखडतायत, काकांची मान हलतेय. त्यांनी ऐकलं असं धरून मी परत आले आणि ‘सांगितलं’ म्हणाले. काका संध्याकाळपर्यंत मागावरच होते. निपाणीला पोचले तेव्हा आई गेलेली होती.

त्या रात्री जेवताना तुम्ही भाकरी ताटात तशीच ठेवलीत. ‘काय म्हणाले काका?’ मी म्हटलं, ‘काय न्हाय. मान हलवली.’ तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘मग तू नुसती वरडलीस. सांगितलं न्हाईस.’ काका निपाणीहून परतले, त्या दिवशी माझा हात धरून तुम्ही मला त्यांच्या दारात नेलंत आणि झालं ते माझ्याच तोंडून वदवून घेतलंत. काका तुटलेला धागा जोडत राहिले. मला वाटत होतं, यांनी एक थप्पड मारावी आणि संपवावं.

गेल्या हिवाळ्यात खानापूरपलीकडच्या डोंगरात आम्ही अशाच एका यंत्रणेची चाचणी घेत होतो. आघाडीवरच्या तुकड्यांनी एकमेकांना निरोप धाडायचे, त्यासाठीची ती. एका टेकडीवर मी, दरीपलीकडे माझा सहकारी. निरोप पाठवला की पडद्यावर हिरवी खूण उमटायची : पोहोचला. तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. मी निरोप पाठवतेय, खुणा उमटतायत, सगळं सुरळीत. दुपारी सहकारी दरी ओलांडून धापा टाकत वर आला. ‘मॅडम, सकाळपासून एकबी निरोप न्हाय. तुम्ही झोपलाय काय?’ मी त्याला पडदा दाखवला. तो बघतच राहिला. तपासल्यावर कळलं, निरोप पुढे धाडणाऱ्या वाटेतल्या यंत्रापर्यंत जाऊन ते तिथंच अडकत होते आणि खूण मात्र पोहोचल्याची येत होती. सोबत आलेला कंपनीचा माणूस हसून म्हणाला, ‘मॅडम, एवढंच ना? खूण दाखवण्यातली चूक आहे ती, पुढच्या खेपेला सुधारू.’

मी अहवालात ‘गंभीर दोष’ असं लिहिलं आणि लाल रंग दिला. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, आप्पा. त्यांनी दार लावून घेतलं, माझ्यासाठी चहा मागवला. ‘हे बघा, आधीच किती वर्षं लांबलंय. समितीनं आता लाल बघितलं तर सगळंच गुंडाळतील. पोरं जुनेच वायरलेस सेट घेऊन बसतील डोंगरात. ते चालेल तुम्हाला?’ मी कागद पुढे ओढला. माझं वाक्य बदलून झालं : ‘पोहोच दर्शवण्याच्या पद्धतीत सुधारणेस वाव.’ लालचं पिवळं झालं. मी सही केली. वरच्या कचेरीत पिवळ्याचं हिरवं झालं, तिथं माझी सही लागली नाही. समितीनं एका बैठकीत मंजुरी दिली.

आक्काचा थोरला सैन्यात आहे, तुम्ही त्याला रांगताना पाहिलंत. उन्हाळ्यात सुट्टीवर आलता. पिरनवाडीला आक्काच्या घरी जेवायला बसलो होतो, तर म्हणतो, ‘मावशी, आमच्याकडं नवीन सेट येणार म्हणं. तुमच्याच ऑफिसातनं पास झाल्यात व्हय?’ मी व्हय म्हटलं. ‘चांगलं हाईत न्हवं?’ आक्का वाढता वाढता थांबली, माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी म्हटलं, ‘लई तपासून दिल्यात रं.’ तोही खूश झाला, आणखी भात मागितला.

दोन आठवड्यांपूर्वी सरकारी लेखापरीक्षणातल्या एका बाईंचा फोन आला. अशा खरेदीवर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. आवाज तरुण, बोलणं नेमकं. म्हणाल्या, ‘अंतिम अहवाल मी वाचला. तिसऱ्या दिवसाबद्दल त्यात फक्त एक ओळ आहे. डोंगरात तुम्ही हातानं केलेल्या नोंदी असतील ना?’ एवढ्या कागदांतून त्यांनी नेमकी तीच जागा हेरली होती. मी शोधून कळवते म्हटलं. शोधायचं काय होतं? वही माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, धुक्यानं पानं फुगलेली. मी दोनदा काढली, दोनदा ठेवली. साहेबांनी काही विचारलं नाही, कुणी धमकावलं नाही. शुक्रवारी मी त्या बाईंना लेखी उत्तर दिलं : ‘मूळ नोंदी आढळून आल्या नाहीत.’

आज सकाळी आक्काचा फोन होता. पोराचा फोन चार दिवस नाही. शेवटचा आला तेव्हा म्हणाला होता, नवीन सेट मिळाले, आता वरच्या चौकीवर निघालोय. ‘काय झालं असंल गं?’ मी म्हटलं, ‘डोंगरात रेंज नसंल, आक्का.’ तसंच असेल. बहुतेक तसंच असेल. ती म्हणाली, ‘तू सांगितलंस की बरं वाटतंय बघ,’ आणि फोन ठेवला. मी त्यानंतर चुलीकडे गेले नाही, ऑफिसला गेले नाही, इथं बसून तुम्हाला लिहितेय. त्या तपासनीस बाईंचा नंबर समोर आहे आणि हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून हेच लिहिणं सोपं गेलं.

एक सांगते, आप्पा. शुक्रवारचं ते उत्तर लिहिताना मी दहादा खोडाखोड करीन असं मला वाटलं होतं. एकदाही खोडलं नाही.