नेमकं काय वाटलं, खोलवर?

३ नोव्हेंबर
ठरलं. बाबलीकाकांचं चरित्र मीच लिहिणार. दशावतारात राजे, राण्या, राक्षस; सिनेमात पोलीस पाटील, मुलीचा बाप आणि पहिल्याच सीनमध्ये मरणारा मालक. एवढा ज्येष्ठ चरित्र अभिनेता आमच्या वाडीत, आणि त्यांचे विचार कोणी टिपून ठेवलेच नाहीत! आमच्या घरात पहिली पदवी माझी. जबाबदारी येतेच.

सुरुवात जत्रेत: नाटकाआधी मंचावर प्रकट मुलाखत. कमिटी हो म्हणाली. (त्यांना वाटलं सत्कार आहे. असू दे.)

बाबा म्हणाले, "बीए झालंस, आता लोकांची चरित्रां काढतलंस?" पण जत्रेतलं खाज्याचं दुकान आईवर सोपवून पुढच्या रांगेत बसायचं कबूल केलंय. त्यानंतर 'बीए करून काय झालं' हा प्रश्न आमच्या घरातून कायमचा जाणार.

५ नोव्हेंबर
पहिली बैठक. म्हटलं, काका, मला तुमचं चरित्र हवंय. म्हणाले, "माझां चरित्र? तां हौसाक इचार. तिनांच सांभाळल्यान." स्वयंपाकघरातून हौसाकाकी: "सांभाळूक माका गावलां खंय!"

विनोदबुद्धी शाबूत. नोंद केली.

विचारलं, नाटक आणि सिनेमात फरक काय? "नाटकात उपाशी रडूचां, सिनेमात जेवून रडूचां." मी लिहिलं: 'अभावातून भाव.' किती सहज बोलतात!

८ नोव्हेंबर
आज मोठा प्रश्न. सिनेमात मेलात तेव्हा नेमकं काय वाटलं, खोलवर?

"खोलवर कित्याक? सुरमय पकडूची आसा?" मग म्हणाले, मुंगी चावत होती, पण हललो तर परत मरावं लागलं असतं. मी लिहिलं: 'मृत्यूतली साधना.'

नंतर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तो प्रश्न परत विचार. विचारला. "आणि एकदा. मगाशी केलंस तसो चष्मो वर कर आणि इचार." कितीतरी वेळा विचारून घेतला. प्रश्न आत झिरपतोय, दुसरं काय!

१२ नोव्हेंबर
अडचण. एका प्रश्नाला दोनदा तेच उत्तर मिळत नाही. शेवटी सगळी उत्तरं मीच लिहिली ('रंगभूमी माझी माता' वगैरे) आणि पाठ करायला दिली. काका म्हणाले, "गो बाय, दशावतारात पाठांतर नसता. समोरचो काय बोलता तां बघूचां आणि आपलां सोडूचां." समजावलं, मुलाखत वेगळी. "बरां," म्हणाले.

संध्याकाळी त्या कागदांवर काकींचे कोलंबीचे सोडे वाळत होते. म्हणजे पाठ झालं असणार.

१६ नोव्हेंबर
काकांनी माझी पिवळी ओढणी मागितली, जत्रेपुरती. आणि जुना चष्मा. कलाकार माणसं जपतात.

मला अंगणात चालायला लावलं. फाईल छातीशी कशी धरतेस, पेन दातांवर कधी आपटतेस, सगळं विचारलं. माझी एन्ट्री नीट व्हावी म्हणून केवढी कळकळ! काकींना आत ठसका लागला होता. मिरची कुटत असाव्यात.

संकल्प: मंचावर भावुक व्हायचं नाही.

२१ नोव्हेंबर, सकाळ
काल जत्रा. लिहून टाकते.

बाबा पुढच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. मी निवेदन केलं. टाळ्या. आतून बाबलीकाका आले. माझी ओढणी, माझा चष्मा, छातीशी फाईल. चाल माझी. बाकावर बसले, चष्मा वर केला, पेन दातांवर आपटलं आणि शुद्ध पुस्तकी मराठीत मलाच विचारलं, "नेमकं काय वाटलं तुम्हाला, खोलवर?"

मंडप कोसळायचाच बाकी.

मी म्हटलं, काका, प्रश्न मी विचारायचे. ते म्हणाले, "काका, प्रश्न मी विचारायचे." हार्मोनियमवाल्याने सूर धरला. मी हळूच म्हटलं, निदान रंगभूमीला माता तरी म्हणा. म्हणाले! हात जोडून, माझ्या आवाजात. वर पखवाजाची थाप.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, "माका घराक जावचां आसा!" बीए झाल्यापासून चारचौघांत पहिल्यांदाच मालवणी. त्याला सगळ्यात मोठा हशा. बाबा खुर्चीवरून घसरले.

घरी बाबा म्हणाले, "बरां झालां. पण तुझां काम तेनां तुझ्यापेक्षा बरां केल्यान."

'बीए करून काय झालं' मात्र विचारलं नाही. ते त्यांनी मंचावरच बघितलं होतं.

२३ नोव्हेंबर
काकांना शिरोड्याच्या जत्रेचं बोलावणं आलंय. त्यांच्या नाटकात आता राजाच्या दरबारात एक बीएवाली येते. ओढणी आता मिळणार नाही.

तरीही काकांकडे गेले. चरित्र सोडणारी मी नव्हे. आजपासून मात्र शब्दाला शब्द लिहायचं, माझं काही घालायचं नाही. विचारलं, काका, जत्रेत तुम्ही मी झालात, तेव्हा नेमकं काय वाटलं?

काकांनी (माझा) चष्मा वर केला.

"खोलवर?"

चरित्राच्या वहीत लिहून घेतलं. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडचा जसाच्या तसा उतरवलेला हा पहिला शब्द. तोही माझाच.