स्वभाव म्हणालात, गोळी होती

बाबा, मी डॉक्टर बदलला. घाटकोपरच्या आपल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दवाखाना बंद केला, म्हणून बदलावा लागला. नाहीतर मी मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला तिथेच चिठ्ठी घ्यायला गेले असते, आणि आता जे कळलंय ते कधीच कळलं नसतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तुमची आठवण आली की डोळे भरायचे, एवढंच. आता आठवण आली की दात आवळले जातात. भाजी चिरताना, शाळेच्या ऑफिसात दाखले छापताना, मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत असते. समोर माणूस नसताना भांडण फार वाढतं, म्हणून लिहायला बसले.

नवीन डॉक्टर मुलुंडलाच आहेत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. बाई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी नवरा सोबत आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? आधी मला यांच्याशीच बोलायचंय." चोवीस वर्षं मी गोळ्या खातेय, पण आजवर डॉक्टरांशी बोलायला मला कुणी एकटीला आत बसवलं नव्हतं. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं म्हणाले, "तो माझा स्वभाव आहे हो. मी घाबरट आहे पहिल्यापासून." त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? शाळेत असताना होतं?" मी विचार केला. शाळेत असताना नव्हतं. शाळेत असताना तर मी फळ्यावर सुविचार लिहायचे आणि मुख्याध्यापक पुसू द्यायचे नाहीत. "बाविसाव्या वर्षापासून," मी म्हणाले. त्यांनी माझी जुनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "म्हणजे गोळ्या सुरू झाल्यापासून. ताई, स्वभावानं हात असा थरथरत नाही. हे या गोळीतल्या लिथियममुळे आहे. रक्तातली लेव्हल शेवटची कधी तपासली?" मी विचारलं, "लेव्हल म्हणजे?" त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं. शेहेचाळिसाव्या वर्षी, बाबा. दोन टोकांचा आजार. एका टोकाला माणूस वाऱ्यावर असतो, दुसऱ्या टोकाला जमिनीखाली. मी म्हणाले, मला तर झोपेचा त्रास आहे, नसा नाजूक आहेत म्हणून गोळ्या आहेत. लग्नाआधी नवऱ्यालाही मी तेवढंच सांगितलं होतं, कारण मलाच तेवढं माहीत होतं. कुणी म्हणेल, गोळीच्या पाकिटावरचं नाव कधी वाचलं नाहीस का? वाचलं होतं. नेटवर शोधलंही होतं आणि घाबरून आपल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते हसले होते. "ते वाचत बसू नका. ते मोठ्या डोसवाल्या माणसांचं. तुमचं आपलं नर्व्हस टेंपरामेंट." मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? तेच तुम्ही मला आधी सांगून ठेवलं होतंत.

पहिल्यापासून आठवते. मी एकविसाची आहे, आपण डोंगरउतारावरच्या चाळीत राहतोय, आणि तुमच्या पाट्या रंगवायच्या गाळ्यात मी तुमची बरोबरीची कारागीर आहे. जालन्याकडून आलेला माणूस मुंबईत ब्रशवर जगला आणि पोरीलाही ब्रशच शिकवला, याचं तुम्हाला किती कौतुक होतं. खडूची दोरी मारून ओळ आखायची, डाव्या हातातल्या काठीवर उजवा हात टेकवायचा आणि शिरोरेघ एका दमात ओढायची. "मधे श्वास सोडलास तर रेघेला कळतं," असं तुम्ही म्हणायचात. जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस तर आपल्याला जेवायला फुरसत नसायची, निळा रंग नखांतून निघायचा नाही. दहावीला तुम्ही मला खारीच्या केसांचा ब्रश दिलात, तुमच्या स्वतःच्या ब्रशाहून महाग. एकविसाव्या वर्षीच्या जयंतीनंतर माझी झोप गेली. तीन दिवस मी झोपलेच नाही आणि मला झोप नकोही होती. चाळीतल्या एकवीस दारांवर मी ज्याची त्याची नावं रंगवली, दारभर मोठी, छाया दिलेली अक्षरं. आधी लोक वाहवा करत होते. मग मी खिडक्यांवर, पिंपांवर, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर लिहायला लागले तेव्हा गप्प झाले. पुढं सगळं कोसळलं. दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि एक दिवस मी मरायला निघाले. आईनं पाहिलं म्हणून वाचले. तुम्ही एकवीस दारं पुन्हा एका रंगात रंगवलीत, एकट्यानं, आणि मला डॉक्टरकडे नेलंत.

तिथला बाक मला अजून आठवतो. तुम्ही आत, मी बाहेर. दर महिन्याला असंच. तुम्ही बाहेर यायचात, हातात चिठ्ठी असायची आणि म्हणायचात, "चल, झालं." माझ्या आजाराबद्दल तुम्ही दोघं बोलायचात, आणि मी समोरच्या भिंतीवरच्या पाटीतल्या अक्षरांमधलं अंतर मोजत बसायचे. गोळ्यांनी मी उठले, जेवायला लागले, हसायला लागले. हे मी नाकारत नाही. पण हात गेला.

तो दिवस मी विसरलेले नाही. एका शाळेचा लाकडी फलक होता, आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा, सोनेरी रंगात लिहायचा. चौथ्या नावाची शिरोरेघ मी ओढली आणि ती कुत्र्याच्या शेपटीसारखी वळवळली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तुम्ही मागे उभे होतात. पुढे येऊन तुम्ही माझ्या बोटांतून ब्रश काढून घेतलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणालात, "बाई, ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याच्या हातात ब्रश राहत नाही. तू घाबरट झालीस. तुझ्यानं नाही व्हायचं हे आता." गाळ्यात तेव्हा गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्यानं ऐकलं. महिनाभरात तुम्ही त्याच शाळेच्या ऑफिसात शब्द टाकून मला टायपिंगच्या कामाला चिकटवलंत. चोवीस वर्षं मी तिथं आहे. चोवीस वर्षं बँकेत माझी सही जुळत नाही. चहाचा कप मी अर्धाच भरते. चारचौघांत हात पदराखाली ठेवते. माझं मन कच्चं आहे, हे मी माझं नाव सांगावं तितक्या सहज लोकांना सांगत आलेय.

नवीन डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली. घाटकोपरचा दवाखाना रिकामा करायचं काम चालू होतं. तिथली बाई म्हणाली, "ज्याची त्यानं घेऊन जा, नाहीतर रद्दीत जाणार." मी ती घेऊन खालच्या उडप्याकडे बसले आणि कॉफी मागवली. पहिल्या पानावर आजाराचं नाव. दुसऱ्या महिन्याच्या नोंदीत इंग्रजीत लिहिलेलं होतं: हातांना कंप, औषधाचा परिणाम, वडिलांना कल्पना दिली. आणि खाली वेगळ्या शाईनं: आजार आणि कंपाचं कारण पेशंटला सांगू नये, अशी वडिलांची विनंती.

दुसरा महिना, बाबा. फलकाचं काम गोळ्या सुरू झाल्यापासून सातव्या महिन्यातलं. म्हणजे माझ्या हातातून ब्रश काढून घेतलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पाच महिने माहीत होतं. तुम्ही मागे उभं राहून ती रेघ वळवळताना बघत होतात, ती का वळवळतेय हे तुम्हाला कळत होतं, आणि तरी तुम्ही म्हणालात, मन थाऱ्यावर नाही.

मी तशीच उठून दहिसरला भावाकडे गेले. आई हल्ली तिथेच असते. तिच्या मांडीवर फाईल ठेवली आणि विचारलं, "तुला माहीत होतं?" तिनं चष्मासुद्धा लावला नाही. "होतं," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बापानं शपथ घातली होती. त्यानं डॉक्टरला विचारलं, दुसरी गोळी नाही का, हात न हलवणारी? डॉक्टर म्हणाला, हीच लागू पडलीय, बदलायचा धोका नको. मग हा घरी येऊन म्हणाला, तिला सांगितलं तर ती गोळ्या सोडेल, पण ब्रश नाही सोडायची."

"म्हणून मला घाबरट म्हणायचं?"

"घाबरट म्हटल्यानं मरत नाही कोणी," आई म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी जेवला नव्हता तो."

नसाल जेवलात. मी काय करू त्याचं? भ्यालात तुम्ही, हे मला समजतं. मरणाच्या दारातून परत आणलेल्या पोरीला जपावं तसं मला जपत होतात, तेही समजतं. सांगितलं नाहीत, इथवर मी तुमच्या बाजूनं भांडेन हवं तर. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. गोळीचा दोष तुम्ही माझ्या मनावर टाकलात. "हात गोळ्यांनी हलतोय, पण तू जिवंत हवीस मला," एवढं एक वाक्य बोलता आलं नाही तुम्हाला? मी रडले असते, आदळआपट केली असती, आणि कदाचित ऐकलंही असतं. निदान रक्त तपासा, डोस कमी करून बघा, दुसऱ्या कुणाला दाखवा, असं म्हणायला मीच उभी राहिले असते. ज्या माणसानं मला एका दमात रेघ ओढायला शिकवलं त्याला माझ्यात एवढाही दम दिसला नाही? आणि ते डॉक्टर! तुम्ही विनंती केलीत, त्यांनी पाळली. तुम्ही गेलात तरी पाळतच राहिले. पेशंट मी होते. माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी त्यांच्या लेखी मी बाहेरच्या बाकावरच बसलेली.

नवीन मॅडमनी फाईल हातात यायच्या आधीच रक्त तपासलं होतं. लेव्हल हवी त्याहून जास्त निघाली, थायरॉईडही बिघडलेलं. ते चार-पाच वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं म्हणाल्या. डोस थोडा कमी केला, थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, आणि कंपासाठी एक बारीकशी गोळी. "हळूहळू जाऊ. घाई केली तर आजार उलटेल. आणि काहीही झालं तरी मनानं बंद करायच्या नाहीत, मला फोन करायचा," असं त्यांनी मला बजावलं. मला, नवऱ्याला नाही. नवऱ्याला मी घरी येऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला माझी भीती वाटते. हात धरला की हलायचा ना." सतरा वर्षांचा संसार झाला आमचा. त्यानं हे आत ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. याचाही हिशेब तुमच्याच नावावर.

आता पुढचं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दहिसरहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी लिथियम बंद केलं. डोस कमी केला नाही, पूर्ण बंद. नवऱ्यासमोर गोळी तोंडात घ्यायचे आणि मोरीत थुंकायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी हात जवळजवळ थांबला. शाळा सुटल्यावर ऑफिसात एकटीच थांबून मी रंग आणि ब्रश काढला, एका जुन्या पुठ्ठ्यावर रेघ मारली, आणि ती सरळ आली, बाबा. मी खुर्चीवर बसून हुंदके देऊन रडले. पुठ्ठ्यामागून पुठ्ठे भरले. आठव्या दिवशी झोप लागेना आणि त्याचं मला वाईटही वाटेना. नवव्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये जाऊन मी सांगत होते की अख्ख्या शाळेच्या भिंती मी एकटी आठवड्यात रंगवते, आणि बोलता बोलता मला त्यांचा चेहरा दिसला. चाळीतल्या लोकांचा झाला होता तसाच. मी घरी आले आणि गोळी घेतली. पाण्याबरोबर, गिळून. पुन्हा सगळं खाली बसायला तीन आठवडे गेले.

काल मॅडमकडे गेले होते. गोळी पुन्हा सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "लेव्हल अपेक्षेपेक्षा बरीच खाली आहे. मधे गोळ्या चुकल्या का?" आवाजात राग नव्हता. खरं ऐकायला त्या तयार होत्या, मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हणाले, "एखाद-दुसरी चुकली असेल."

नऊ दिवसांच्या चुकल्या. पुढच्या वेळी त्यांना सांगायचं असं ठरवलंय, पण ठरवण्यावर माझा फारसा भरवसा नाही. तुम्हाला आज सांगून टाकलं. तुम्ही कुणाला सांगणार नाही. ते तुम्हाला चांगलं जमतं.