वाळूच्या पट्ट्यावरची बोट

२३ एप्रिल, बुधवार

प्रिय कर्टिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उभ्याउभ्याच फाडलं असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, दोनदा नंबरही काढला. पण फोनवर तू एकतर गाडी चालवत असतोस, नाहीतर कुणाच्या तरी छपरावर एसी उघडून बसलेला असतोस. "हो, हो, बरोबर" म्हणतोस आणि माझं मुख्य बोलणं राहून जातं. कागदाला काही "नंतर बोलू" म्हणता येत नाही, म्हणून बारा वर्षांनी हे पत्र.

आधी नदीची खबर देते, कारण तू फीनिक्सला गेलास तरी मार्च लागला की नदीची आठवण काढतोस, असं आई सांगतात. यंदा बर्फ लवकर गेला, वीस मार्चलाच. दोन दिवस नुसता कडकड आवाज, आणि तिसऱ्या दिवशी मिसुरी मोकळी. वरच्या धरणातून पाणी बेताचंच सोडताहेत, त्यामुळे वाळूचे पट्टे उघडे पडलेत. गेल्या वर्षी जिथून बोटी जायच्या तिथे आता पेलिकन उभे असतात. उत्तरेच्या टेकडीवर क्रोकसची फुलं आलीत, अजून आखूड, थंडीनं अंग चोरून बसल्यासारखी. आणि वॉलआय मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढायला लागलेत. धक्क्यावर सकाळी सातला गाड्या लावायला जागा नसते. निम्मे लोक बिस्मार्कचे असतात, त्यांना ट्रेलर मागे घेत बोट पाण्यात उतरवता येत नाही, आणि आपल्या गावची मंडळी कॉफी पीत त्यांची मजा बघतात. काही बदललेलं नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. गेली अकरा वर्षं, दर एप्रिलमध्ये, मी आणि तुझी आई मिळून मासेमारीला जातो. तुझ्या बाबांच्याच बोटीतून.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मला वाटलं होतं, आई आता माझ्या पार्लरमध्ये यायच्या नाहीत. दहाच्या ठोक्याला आल्या. कोट काढला, खुर्चीत बसल्या, मान मागे टाकून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सून गेली ती गेली. माझ्या केसांची वाट लावायला मला दुसरी बाई नको." मी पाणी कोमट केलं आणि केस धुतले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच खुर्चीतून म्हणाल्या, "बोट आहे, मोटर आहे, मासे आहेत. वेंडेल गेल्यापासून मोटरची दोरी ओढायला माणूस तेवढा नाही. तुझा खांदा कसा आहे?" मी म्हटलं, खांदा बरा आहे, पण मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाल्या, "वेंडेललाही कळत नव्हतं. चाळीस वर्षं मी त्याला कळू दिलं नाही."

त्यांनी मला सगळं शिकवलं. शिशाचं मुंडकं असलेल्या गळाला छोटा मासा तोंडातून कसा ओवायचा, प्रवाहात तळाला गळ टेकला हे बोटाला कसं कळतं. एप्रिलच्या गार पाण्यात वॉलआय हिसका देत नाही, ओल्या फडक्यासारखा नुसता जड होतो. पहिल्या वर्षी मी असे कितीतरी मासे घालवले. त्या शांतपणे म्हणायच्या, "गेला. त्याचंही भलं झालं." लेंटच्या उपवासातल्या, मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारांपुरते आम्ही दोन-तीन नर ठेवायचो, बाकी सोडून द्यायचो.

एकच पंचाईत होती, त्यांना हाक काय मारायची. लग्न होतं तेव्हा मी आई म्हणायचे. आपल्याला मूल नाही, त्यामुळे नंतर आजी म्हणायचीही सोय नव्हती. नावानं टिली म्हणायला जीभ वळेना. मग मी काहीच म्हणेनाशी झाले. अकरा वर्षं मी "अहो" म्हणून बोलायला सुरुवात करते आणि त्या ऐकून घेतात. तुला सांगायचं नाही हे त्यांनीच ठरवलं. "त्याला वाटेल आपण बोटीत बसून त्याच्याबद्दल बोलतो," म्हणाल्या. तुझ्याबद्दल आम्ही खरंच बोललो नाही. एकदाही नाही. मला तो त्यांचा समजूतदारपणा वाटायचा.

यंदा आम्ही पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी गेलो. त्याआधी दोन आठवडे त्या शुक्रवारऐवजी गुरुवारी पार्लरमध्ये येऊन बसल्या होत्या, पण ऐंशीव्या वर्षी वाराची चूक कुणाचीही होते, म्हणून मी त्याच दिवशी केस करून दिले. बोटीत थर्मास उघडला तर आत नुसतं गरम पाणी. "कॉफी महाग झालीय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही हसत हसत पाणी प्यायलो. सकाळ फार छान गेली, कर्टिस. वारा नव्हता. वळणापलीकडच्या खोल पाण्यात नांगर टाकला आणि तासाभरात दोन नर मिळाले. मग त्यांचा रॉड वाकला आणि वाकलेलाच राहिला. पंधरा मिनिटं त्यांनी मला हात लावू दिला नाही. वर आली ती अंड्यांनी पोट टम्म फुगलेली मादी, माझ्या हातापेक्षा लांब. आईंनी तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. बाहीसकट दोन्ही हात पाण्यात घालून तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, शेपटी हलेपर्यंत. "जा बाई," म्हणाल्या, "तुला कामं आहेत."

बाराच्या सुमारास आम्ही धक्क्याला आलो. मी बोट बांधली, त्यांना बसूनच राहा म्हटलं आणि गाडी-ट्रेलर आणायला वर गेले. पाच मिनिटं लागली असतील. परत आले तर बोट नव्हती.

दोरी तुटलेली नव्हती. गाठ नीट सोडून, धक्क्यावर वेटोळं करून ठेवली होती.

काठानं मी किती पळाले मला माहीत नाही. रेमंड फेटर त्याची बोट घेऊन येत होता, तुझ्या वर्गातला रेमंड. मला बघून ओरडला, "काय गं, टिलीनं शेवटी तुला काठावर सोडलं वाटतं!" मग माझा चेहरा दिसला आणि त्यानं बोट काठाला लावली. आम्ही प्रवाहाबरोबर खाली निघालो. पाणी इतकं गार होतं की कुणी पडलं तर दहा मिनिटंही फार. पडलेल्या कॉटनवुड झाडांच्या फांद्यांत काही लाल दिसलं की मी रेमंडला बोट तिकडे घ्यायला लावायचे, कारण त्यांचं लाइफ जॅकेट लाल आहे. दीड मैल खाली, नदीच्या मधोमध एका वाळूच्या पट्ट्यावर बोट चढून बसली होती. आई मागच्या फळीवर ताठ बसल्या होत्या. गळ पाण्यात होता.

रेमंड थांबला, मी गुडघाभर पाण्यातून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांभाळून हं. पाणी गार आहे. तुम्ही कुणाला शोधताय का?"

कर्टिस, एकतीस वर्षांत त्या मला कधी तुम्ही म्हणाल्या नाहीत. लग्न ठरलं त्या दिवशीही नाही. रागावल्या, रुसल्या, एकदा तर आठवडाभर अबोला धरला, पण तूच म्हणाल्या. त्या एका शब्दानं मला सगळं कळलं. मी म्हटलं, "नाही, सहज आले. बसू का?"

"बसा ना. माझे मिस्टर गाडी आणायला गेलेत, येतीलच." त्यांनी डब्यातलं सॉसेजचं सँडविच काढलं, अर्धं माझ्या हातात दिलं. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमचे केस कुणी कापले? माझ्या सुनेकडे जा. गावात तिचं पार्लर आहे. हात चांगला आहे तिचा."

मी म्हटलं, जाईन. मग त्या आपणहून बोलायला लागल्या, आगगाडीत शेजारच्या बाईशी बोलावं तशा. "माझा मुलगा तिला सोडून गेला. मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. नवरा नुकताच गेलेला, त्यात मुलानंही फोन बंद केला असता तर मी काय केलं असतं? तेव्हा गप्प बसले. आणि ही पोरगी अशी, की तिनंही मला विचारलं नाही, तुम्ही गप्प का बसलात म्हणून. मी वाट बघत होते. तिनं विचारलं असतं तर माफी मागितली असती. न विचारता कशी मागायची?"

"मग आता मागा की," मी म्हटलं.

"आता?" त्या हसल्या. "आता किती वर्षं झाली. आता आम्ही मासे पकडतो."

मी म्हटलं, ती रागावलेली नसेल. तर लगेच फटकारलंच मला, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही ओळखता तिला?"

"थोडीफार," मी म्हटलं.

आम्ही सँडविच खाल्लं. रेमंड लांब टोपी हातात घेऊन नदीकडे बघत बसला होता. काही वेळानं आईंनी रीळ गुंडाळलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाल्या, "नॅडीन, मोटर का बंद आहे? अशी काय बसलीयेस बूट भिजवून?" मी उठले आणि दोरी ओढली.

त्या दिवशी मी त्यांना घरी पोचवून बटाटा आणि पिठाच्या गोळ्यांचं नेफला सूप करून ठेवलं. स्वयंपाकघरातल्या फोनशेजारी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर त्यांच्या अक्षरात लिहिलेला कागद टाचलेला होता. वाचायला नको होता, पण डोळ्यासमोरच होता. "कर्टिस, रविवार. बायको मार्सी. मार्सीची मुलगी, नाव केली, तिचं कॉलेज संपलं. गुडघा कसा आहे विचारायचं. उकाडा विचारायचा." आणि सगळ्यात खाली, दोनदा गिरवून, "तेच तेच विचारायचं नाही." म्हणून तू ख्रिसमसला मला म्हणालास की आई अजून तल्लख आहे. तुझी चूक नाही. मीही दर आठवड्याला त्यांचं डोकं हातात धरत होते, मला तरी कुठे कळलं?

काल त्यांना बिस्मार्कला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहे, सावकाश बोलतो. त्यानं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आईंनी काटे काढले, आकडे काढले नाहीत, आणि म्हणाल्या, "आकडे सगळ्यांना माहीत असतात." तो हसला, पण त्यानं लिहून घेतलं. मग मला विचारलं, "तुम्ही नात्यानं कोण?" माझ्याआधी आईच म्हणाल्या, "ही माझे केस करते." ते खरंच आहे. फॉर्मवरच्या नात्याच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पुढचे कागद मुलाच्या सहीशिवाय होणार नाहीत, असं तो म्हणाला. परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "कर्टिस मला तिकडे नेणार आहे. तिथेही नदी आहे म्हणतो. मी फोटो बघितला. पूल आहे, पाणी नाही." मी म्हटलं, "आई, तुम्हाला कुठे राहायचंय?" तोंडातून आई कसं निघालं कळलं नाही. त्यांनी वळून पाहिलंही नाही. "माझ्या घरी तू ज्या खोलीत शिवणकाम करायचीस ना," म्हणाल्या, "ती मी रिकामीच ठेवलीय."

तू घर विकून त्यांना तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस ते चांगल्या मनानं म्हणतोस, हे मला ठाऊक आहे. मार्सीही चांगली असेल. पण तिथे सकाळी उठल्यावर त्यांना एकही ओळखीची भिंत दिसणार नाही. इथे ज्या दिवशी त्या मला ओळखणार नाहीत त्या दिवशीही निदान माझ्याशी गप्पा मारतील, हे मी बघितलंय. मी माझं घर सोडून त्यांच्याकडे राहायला जाते. पार्लर पुढच्या पडवीत हलवते, म्हणजे दिवसभर नजर राहील. तू मे महिन्यात ये, चार दिवस त्यांच्याजवळ बस, आणि त्यांच्या वतीनं ठरवण्याचा अधिकार मला देणाऱ्या कागदावर सही कर. आपण वेगळे झालो तेव्हा वकील मला पुन्हा पुन्हा विचारत होता, तुम्हाला काय हवंय, आणि मी काहीच नको म्हटलं होतं. मी ते अभिमानानं म्हणाले असं तू तेव्हा समजलास. खरं तर मला जे हवं होतं ते मागता येतं, हेच मला माहीत नव्हतं. आता मागते. तुझी आई मला दे, कर्टिस. तुझीच राहील ती. राहायला माझ्याजवळ दे.

आईंचीच,
नॅडीन