तीन शब्द ताईकडे

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघा कुरकुरतोय म्हणून मनातल्या मनातच साष्टांग नमस्कार. भावोजींचा खोकला कसा आहे? आम्ही मजेत.

सध्या काय चाललंय, असं तू विचारशील (विचारणार नाहीस, पण मी सांगणारच). मागच्या खोलीत मी कुणाला डोकावू न देणारा कॉम्प्युटर बनवलाय! कॅमेऱ्याला सरकतं लाकडी झाकण, मायक्रोफोनला खराखुरा खटका. परवा हिने त्यावरून ऑफिसची मीटिंग केली. झाकण बंद, खटकाही बंद. ही तासभर तावातावाने बोलली, तिकडे कुणाला ना दिसली ना ऐकू आली. साहेबांनी गैरहजेरी लावली. मी म्हटलं, बघ, यंत्र किती चोख आहे! त्या दिवशी स्वयंपाक मी केला.

खरी करामत पुढेच आहे. माणूस मुळात भोळा. कुणी गोड बोललं की पासवर्ड सांगून मोकळा. म्हणून रोज पासवर्डाचे माझे तीन शब्द पुरतात, पण यंत्राची पेटी कुणी खोलली की ते आणखी तीन मागतं, आणि ते असतात विश्वासातल्या माणसाकडे, म्हणजे तुझ्याकडे. यंत्राने छापलेले तुझे तीन मी डोळे मिटून लिफाफ्यात घातले आणि तुला बजावलं, की मी रडलो, पाया पडलो, तरी मला सांगू नकोस. रविवारी पंख्यातली धूळ झटकायला पेटी कुणी खोलली? मीच.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरीणबाई यंत्र बघायला येताहेत. पेशंटांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना दवाखान्यासाठी सहा यंत्रं हवीत. तीन वर्षांतलं हे पहिलं गिऱ्हाईक! तरी मी निवांत आहे. जे मला आत घेत नाही, ते चोराला काय घेणार?

तुझा धाकटा

ता. क. ते तीन शब्द कळव. फोनवर तू "आवाज काय, हल्ली कुणीही काढतं" म्हणून ठेवून दिलास. राग नाही, अभिमानच वाटला. पण कळव.

दुसरा ता. क. मीच लिहितोय याचा पुरावा हवा ना? तू नववीत असताना तुझी कुलूपवाली डायरी आत्याने वाचली नव्हती. मी वाचली. तुझ्याच हेअरपिनने कुलूप एका झटक्यात उघडलं. अकराव्या पानावर तू लिहिलं होतंस, की या घरात विश्वास ठेवावा असा एक धाकटाच. इतकी लाज वाटली की पुढचं पान उलटलं नाही. पक्की कुलपं बनवायचं तेव्हाच मनात धरलं.

तिसरा ता. क. आत्याशी धरलेला अबोला आता सोड, बिचारीची काही चूक नव्हती. फक्त आधी शब्द पाठव, मग तिला फोन कर. उलटं केलंस तर अबोला माझ्याशी धरशील, आणि शब्द यायचे नाहीत.