मागच्या बाकाची रांग

सोमवार, ३ मे

आज रुजू झाले. टाळेबंदीमुळे मुलं घरी गेली आहेत, कॉलेजचं वसतिगृह रिकामं आहे. मला तळमजल्यावर रेक्टरांची खोली मिळाली: टेबल, दोन मॉनिटर, ऐसपैस खिडकी. घरी एका खोलीत आम्ही पाचजण, त्यामुळे इथे पाय पसरून बसताना चोरी केल्यासारखं वाटतं. गेटवरचे काका म्हणाले, पोरी, अख्खी इमारत तुझी, आता भाडं कोणाला देणार? तुम्हालाच, चहाच्या कपात, असं सांगितल्यावर हसले.

काम सरळ आहे. घरी अडकलेले विद्यार्थी टोपणनावाने ऑनलाइन येतात. मी त्यांना प्रतीक्षेत बसवायचं आणि समुपदेशक मॅडम त्यांच्या घरून मोकळ्या झाल्या की एकेकाला आत सोडायचं. मॅडमनी एकच बजावलं: यंत्राने मुलांशी बोलायचं नाही. पाळता येणार नाही असा शब्द द्यायचा नाही.

गुरुवार, ६ मे

रांग वाढते आहे. पहिल्या वर्षाची 'खारूताई' रोज येते. तिचे बाबा या साथीत गेले. तेव्हापासून ती नीट जेवत नाही, खोलीबाहेर पडत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, हिला ताटकळत ठेवू नकोस, ही अगदी काठावर आहे. आज ताटकळलीच, आणि मधूनच निघून गेली. मॅडमकडून नंबर घेऊन मी तिच्या आईला फोन लावला. मुलगी गच्चीच्या कठड्यापाशी सापडली. आई म्हणत होती, ताई, वाळत घातलेले कपडे काढायला गेले म्हणून दिसली हो.

फोन ठेवल्यावर रांगेत अजून किती जण आहेत ते मोजलं.

रविवार, ९ मे

एक प्रोग्राम लिहिला. रांगेतल्या मुलांशी तो लेखी बोलतो. यंत्र वाटू नये म्हणून जरा थांबतो, मधूनच चुकतो, चूक सुधारतो. आणि दर वेळी शेवटी लिहितो, मी आहे, जाऊ नकोस. खारूताई आज शेवटपर्यंत थांबली. एका मुलाने लिहिलं, ताई, तुम्ही मॅडमपेक्षा बऱ्या, उपदेश करत नाही.

मॅडमना सांगितलेलं नाही.

मंगळवार, ११ मे

'मागचा बाक' नावाचा कुणी मुलगा. सकाळपासून प्रोग्रामशी बोलतो आहे. आत सोडला, तर मॅडम म्हणाल्या, समोर कुणीच नाही. पुन्हा रांगेत आला. जोडणी कुठून येते ते तपासलं. याच इमारतीतून. दुसरा मजला.

काकांना विचारलं. त्या मजल्याला कुलूप आहे. मग मास्क वर ओढून ते म्हणाले, साथीच्या सुरुवातीला आजारी पोरांना तिथे वेगळं ठेवलं होतं. एकजण गेला. फोन हातातच होता, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होता.

मी म्हटलं, राउटर चुकीची माहिती देत असेल. असेल बाई, तुम्ही शिकलेल्या, असं म्हणून ते गेले.

गुरुवार, १३ मे

काल प्रोग्राम बंद केला. मागचा बाक गेला नाही. त्याला रांगेतून काढून टाकलं, परत आला.

आज खारूताईने विचारलं, हा 'मागचा बाक' नावाचा नवा मित्र तुम्हीच जोडून दिलात का? तो तिला लिहितो, मी आहे, जाऊ नकोस. माझंच वाक्य. थांबण्याची, चुकण्याची पद्धतसुद्धा माझीच. त्याच्यापुढे त्याने स्वतःचं जोडलं आहे: माझ्याकडे ये. इथे रांग नसते.

शुक्रवार

खारूताईच्या आईचा फोन. मुलीने आतून कडी लावली आहे. कुणाशी तरी हसून बोलते आहे. बाबा गेल्यापासून प्रथमच हसते आहे —

मॅडमना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, शब्द यंत्राने दिला, तरी तो तुझाच. तूच बोल त्याच्याशी. आणि लगेच तिथून निघ.

शनिवार, दुपार

निघाले नाही. निघाले तर तो तिच्याकडेच —

स्वतःच्या हाताने लिहिलं. पोरीला सोड. तिला आई आहे. तुला जे सांगायचं होतं ते मला सांग, मी ऐकते.

मग: समोर बसून?

मी हो लिहिलं.

नंतर

आईचा फोन. खारूताईने दार उघडलं. भूक लागली म्हणाली. आई रडत होती. मी बरं झालं एवढंच म्हटलं. अजून काही म्हणायला हवं होतं.

स्क्रीनवर मागचा बाक नाही.

वर खोकला. आता जिन्यात. प्रत्येक पायरीवर थांबून, दम खात —

दार लावलेलं आहे. दार वाजलंच नाही.

समोरची खुर्ची आपोआप मागे सरकली. तो सांगतो आहे. ताप चढला तिथपासून, सावकाश, सगळं. मी मान हलवते आहे. श्वास घ्यायला जमत नाही, पण मधे थांबवलं तर तो पुन्हा तिच्याकडे —

फोन वाजतो आहे, मॅडमचा असेल. तो म्हणतो, आधी माझं संपू दे. किती राहिलं, विचारते, तर म्हणतो, आत्ता तर कुठे —