शटलसकट हातमशीन

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासले. त्यांच्यासमोर पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये.

१. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलाला. पायमशीन सुनेला, मुलाला बटणही लावता येत नाही.

२. पेटीतले जुने हातमशीन मुलाने मागू नये. "आई, भंगारात काय येईल गं ह्याचं?" असे त्याने दोनदा विचारले आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. मुळात ते तिचेच.

तिचा एक पाय लहानपणापासून अधू, पायमशीन जमत नव्हते, म्हणून आईने ते तिला दिले. सगळ्या घराला हे पटले. मला नाही. शिवण माझी सरळ, आणि मशीन तिला! आठवड्याच्या आत मी त्यातले शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा होडीसारखा लोखंडी तुकडा, काढून माझ्या बटणांच्या डब्यात टाकले. तसले शटल तेव्हाही बाजारात मिळत नव्हते.

दोन वर्षांनी तिने मशीन माझ्याकडेच आणले. "ताई, तुला भाव कळतो. काय येईल?" मी दोन शर्टांच्या शिलाईएवढे पैसे तिच्या हातावर ठेवले. ती कोपऱ्यावर पोचली नसेल, तोच शटल बसवून टाका घालून पाहिला. सरळ पडला. तेव्हापासून पेटीला कुलूप.

३. धाकटी एकतीस वर्षे माझ्याच दुकानात, माझ्यासमोर बसून हाताने काज करते. गिऱ्हाईक मी शिवलेला कोट अंगात घालते आणि विचारते, "काज कुणी केलेत हो?" तिची काजाची छोटी कात्री माझ्या सामानात धरू नये. ती मी लपवली आहे. गल्ल्याच्या मागे पाहावे.

४. धाकटीला मशीन विकायचे झाल्यास पेटी आणि मूळ शटलसह चाळीस शर्टांच्या आजच्या शिलाईहून कमी घेऊ नये. जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याने हा भाव लिहून दिला आहे. चिठ्ठी पेटीत आहे.

५. हे कलम मागाहून जोडत आहे. मी लिहीत असताना धाकटी आत आली.

"साक्षीदार हवाय ना? मी करते सही."

"तुझी नाही चालणार. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको, असं वकील म्हणाले."

"म्हणजे मशीन देतेस. शटलसकट ना?"

माझा हात थांबला.

"छत्री विसरले होते गं त्या दिवशी. परत आले तर दारातच मशीनचा आवाज."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर दुकानात बसवलं असतंस मला?"

मी विचारले, "आता काय भाव सांगशील?"

"विकायचंय कुणाला? किल्ली दे."

दिली. म्हणून कलम २ व ४ रद्द. मशीन आजच तिच्या ताब्यात गेले. बाहेर ते चालू आहे. मी जाऊन पाहून आले. इतक्या वर्षांनी बसली, तरी शिवण माझ्याहून सरळ. वाईट वाटते आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १४ मार्च, दुपार
सही: थोरली
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारचा घड्याळजी